नाडी, लंबक आणि पायाखालचं बटण

मंडळी, आजचा विषय पाहून काहीजणांच्या भुवया उंचावतील. जन्मभर माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवलेली बाई गिटारच्या 'डिले पेडल'वर काय लिहिणार? पण गेले दोन-अडीच महिने आमच्या घरात या एकाच वस्तूवर इतकं बोलणं झालं आहे की न लिहून चालणार नाही. शिवाय तिचा इतिहास शोधता शोधता जो रस्ता सापडला तो थेट आमच्याच घरातल्या एका माणसाच्या छातीपर्यंत आला. ते ओघात येईलच.

आधी वस्तू काय आहे ते सांगते, कारण आमच्या पिढीतल्या वाचकांना ती ठाऊक असण्याचं कारण नाही. इलेक्ट्रिक गिटारमधून निघालेली वायर थेट स्पीकरकडे न जाता वाटेत जमिनीवर ठेवलेल्या एका छोट्या पेटीत जाते. साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल एवढी ती पेटी. पायाने दाबायची, म्हणून पेडल. ती वाजवलेला सूर साठवून ठेवते आणि थोड्या वेळाने परत ऐकवते, मग आणखी एकदा, आणखी एकदा, प्रत्येक वेळी जरा हळू. म्हणजे प्रतिध्वनीच. आमच्या शाळेच्या सहली विजापूरला जात तेव्हा गोल घुमटाच्या सज्जात पोरं ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची, तोच प्रकार. फरक एवढाच की १६५६ साली पुरा झालेल्या त्या घुमटाची भिंत हलवता येत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे समोरची भिंत जिथे असेल त्यावर प्रतिध्वनी किती वेळाने येणार ते कायमचं ठरलेलं. अर्ध्या सेकंदाने हवा असेल तर भिंत ८५ मीटरवर पाहिजे, कारण आवाजाला जाऊन परत यायचं असतं. या पेटीत ती भिंत एका बटणाने मागेपुढे सरकवता येते. आणि 'टॅप टेम्पो' म्हणजे ती भिंत कुठे हवी हे हाताने फिरवून नव्हे, तर पायाने ठेका धरून सांगायचं. दोन-चार वेळा लयीत पाय आपटा, दोन आपटण्यांमध्ये जेवढा वेळ गेला तेवढ्याच वेळाने प्रतिध्वनी येईल.

ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाला इथवर यायला बराच वेळ लागला.

सुरुवात झाली ती टेपपासून. अमेरिकेत लेस पॉल नावाचा एक गिटारवादक होता, अतिशय खटपट्या माणूस. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्स कंपनीचं टेप रेकॉर्डर यंत्र दिलं, आणि याने त्याला एक जादा हेड बसवून घेतलं. टेप रेकॉर्डर पाहिलेल्यांना आठवत असेल, फीत आधी रेकॉर्ड करणाऱ्या हेडवरून जाते आणि मग वाजवणाऱ्या हेडवरून. त्या दोन हेडमध्ये जे अंतर, तेवढा उशीर. फीत सेकंदाला १५ इंच पळत असेल आणि हेडमध्ये २ इंच अंतर असेल तर उशीर एका सेकंदाच्या साडेसातव्या भागाएवढा, म्हणजे साधारण १३३ मिलिसेकंद. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हा शब्द आज पुष्कळदा येणार आहे.) १९५१ साली लेस पॉल आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड यांचं 'हाऊ हाय द मून' अमेरिकेत घराघरांत वाजलं, ते याच उद्योगातून. पुढे मेंफिस गावात सॅम फिलिप्सने आपल्या सन स्टुडिओत दोन यंत्रं जोडून एकच आखूड प्रतिध्वनी काढला. एल्विस प्रेस्लीच्या १९५४-५५ च्या रेकॉर्डमध्ये आवाजाला जी एक चपराक बसल्यासारखी वाटते ती तीच.

पण हे स्टुडिओतलं. रंगमंचावर एवढं धूड कोण नेणार? म्हणून मग पेट्या निघाल्या. लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्सने १९५८ साली 'कॉपीकॅट' काढली, अमेरिकेत ओहायो राज्यात माइक बॅटल नावाच्या तंत्रज्ञाने १९५९ च्या सुमारास 'एकोप्लेक्स'. इटलीतल्या बिन्सन कंपनीने टेपच्या जागी फिरणारी चुंबकी चकती वापरली. आणि जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली रोलंड कंपनी स्थापन केली, तिचा 'स्पेस एको' (आरई-२०१) १९७४ चा. हे काकेहाशी १९३० साली जन्मलेले, घड्याळदुरुस्तीपासून सुरुवात केलेले गृहस्थ. त्यांचं नाव पुन्हा येईल.

या सगळ्या पेट्यांमध्ये प्रतिध्वनीचा वेळ बदलायचा म्हणजे काहीतरी खरोखरच हलवावं लागे. एकोप्लेक्सचं हेड पट्टीवर सरकवायचं, स्पेस एकोची मोटर हळू किंवा जलद करायची. गाण्याच्या लयीशी ते जुळलं की नाही हे कानाने पाहायचं. एका हातात गिटार, दुसऱ्या हाताने खुंटी फिरवायची, आणि समोर प्रेक्षक.

टेप झिजते, तुटते, तिला धूळ लागते. १९६९ साली हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोघांनी फीतच काढून टाकली. त्यांची कल्पना मला फार आवडली, कारण ती आपल्याकडे स्लॅब पडताना कोणीही पाहिली आहे. मजूर रांगेत उभे राहतात आणि सिमेंटचं घमेलं या हातातून त्या हातात जात जात वर पोचतं. कोणीही जागचं हलत नाही, घमेलं मात्र पुढे सरकतं. परदेशात आग विझवायला पाण्याच्या बादल्या अशाच देत, म्हणून त्यांनी नाव ठेवलं 'बकेट ब्रिगेड'. इथे माणसांच्या जागी सिलिकॉनच्या चिपमधले इवलेसे धारक, आणि घमेल्यात सिमेंटऐवजी विजेचा भार. जपानमध्ये बनलेल्या एमएन-३००५ या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे होते. मुकादम जेवढ्या वेगाने 'हां, पुढं!' म्हणणार तेवढ्या वेगाने घमेली सरकणार. सेकंदाला दहा हजारांच्या गतीने म्हटलं तर शेवटच्या टप्प्याला पोचायला साधारण २०५ मिलिसेकंद लागतात. उशीर वाढवायचा तर मुकादमाने हळू बोलायचं, पण मग आवाज गढूळ होतो. म्हणून या पेट्यांचा प्रतिध्वनी जरा मातकट, ऊबदार असतो. ज्याला त्या काळात दोष म्हणत, त्याचसाठी आज लोक जास्त पैसे मोजतात. असो.

या सुमारासच अंकांवर चालणारी, म्हणजे डिजिटल यंत्रं आली, आणि इथे मला पहिला धक्का बसला. अमेरिकेतल्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत फ्रान्सिस ली नावाचे प्राध्यापक होते. १९६९ च्या आसपास त्यांनी आवाज अंकांमध्ये बदलून थोडा वेळ रोखून धरणारी जी यंत्रणा केली होती ती संगीतासाठी नव्हतीच. ती होती हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्यासाठी! बॅरी ब्लेसर या त्यांच्या सहकाऱ्याने सुचवलं की ठोक्यांऐवजी यातून संगीत पाठवून पाहा. त्यातून १९७१ साली लेक्सिकॉन कंपनीचा 'डेल्टा-टी १०१' बाहेर आला. जगातल्या अगदी पहिल्या डिजिटल डिले यंत्रांपैकी हे एक. पुढे १९८३ च्या अखेरीस रोलंडच्याच बॉस या शाखेने हे सगळं पायाखालच्या छोट्या पेटीत आणलं (डीडी-२), तेव्हा ते खऱ्या अर्थाने पोराटोरांच्या हातात, नव्हे पायात आलं.

म्हणजे गिटारवाल्यांची ही डिजिटल पेटी हृदय तपासणाऱ्यांच्या घरातून आली. हे वाचलं आणि मी वही बंद करून बाहेर ओसरीवर येऊन बसले. आमच्या ह्यांना गेल्या वर्षी पेसमेकर बसवला आहे. दवाखान्यात नेलं तेव्हा नाडी मिनिटाला ३८ होती. त्यामुळे 'ठोका' हा शब्द आमच्या घरात साध्या अर्थाने वापरला जात नाही.

मग मी उलट्या दिशेने शोधायचं ठरवलं. शेवटी गोष्ट आहे लय मोजण्याची. माणूस लय कशाशी ताडून पाहत आला?

उत्तर सरळ आहे, नाडीशी. गॅलिलिओची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे आणि मी ती तीस वर्षं सांगितली आहे. पिसाच्या चर्चमध्ये टांगलेला दिवा झुलताना पाहून त्याने स्वतःची नाडी धरली आणि प्रत्येक झोक्याला सारखाच वेळ लागतो हे ताडलं. ही गोष्ट त्याचा शिष्य विवियानी याने लिहून ठेवली. इतिहासकार ती अक्षरशः खरी धरत नाहीत, पण गॅलिलिओने लंबकाचा अभ्यास केला हे पक्कं. त्याचे वडील विंचेन्झो गॅलिली नामांकित ल्यूटवादक आणि संगीताचे अभ्यासक होते. ल्यूट म्हणजे गिटारच्या चुलतघराण्यातलं वाद्य. ज्या घरात तारा छेडल्या जात, त्या घरच्या मुलाला लयीचा कान असणारच.

गॅलिलिओच्याच काळात सांतोरियो नावाचा एक वैद्य होता, पुढे पादुआच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. हा माणूस विलक्षण. खाण्यापिण्याने आणि घामाने शरीराचं वजन किती कमीजास्त होतं हे पाहायला तो स्वतः तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं नोंदी करत असे. त्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला 'पल्सिलोजियम' नावाचं साधन केलं. दोऱ्याला गोळी बांधलेली. रोग्याची नाडी एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने दोरा आखूड-लांब करत राहायचं. गोळीचे झोके नाडीच्या ठोक्यांशी जुळले की थांबायचं आणि दोऱ्याची लांबी पट्टीवर वाचायची. उद्या परत मोजा. दोरा आखूड करावा लागला तर नाडी जलद झाली. सेकंद दाखवणारं घड्याळ नसताना केलेली ही योजना!

थांबून जरा विचार करा. ठोका माणसाकडून घ्यायचा आणि यंत्राचा झोका त्याच्याशी जुळवायचा. यंत्राने माणसाला लय द्यायची नाही, माणसाने यंत्राला द्यायची. पायाखालचं टॅपचं बटण नेमकं हेच करतं, फक्त दोऱ्याच्या जागी चिप आहे. आणि सांतोरियोला दोरा सरकवत बसावं लागे, चिपला ते एका क्षणात जमतं.

पुढे ही दिशा उलटली. १६९६ साली पॅरिसमध्ये लूलिए या संगीतशिक्षकाने सहा फुटी उंच लंबक करून गायन-वादनाची लय मोजायची पद्धत काढली. आवाज न करणारं ते धूड फारसं कोणी वापरलं नाही. १७५२ साली प्रशियाच्या राजाचे बासरीशिक्षक क्वांट्झ यांनी आपल्या ग्रंथात पुन्हा नाडीच धरली, मिनिटाला ८० ठोके. त्यातही त्यांनी बजावलं की नाडी दुपारच्या जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंतची, आणि माणूस आनंदी, उत्साही प्रकृतीचा हवा. चिडलेल्या किंवा उपाशी वादकाची नाडी धरून मैफल सुरू केली तर काय होईल हे त्यांना अनुभवाने माहीत असावं. :-)

मग आला मेट्रोनोम, तो टकटक करणारा त्रिकोणी मनोरा. अॅम्स्टरडॅमच्या विंकेल या कारागिराने १८१४ साली खाली-वर दोन्हीकडे वजन असलेला आखूड लंबक शोधला. मेल्त्सेल नावाच्या चतुर माणसाने तो पाहिला, त्याला आकड्यांची पट्टी जोडली आणि १८१५ मध्ये पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं. विंकेलने दाद मागितली, शोध त्याचा हे मान्यही झालं, पण तोवर यंत्र मेल्त्सेलच्या नावाने जगभर गेलं होतं. आजही पाश्चात्त्य संगीताच्या छापील पानावर कधी कधी 'एम. एम.' असं लिहिलेलं दिसतं, त्यातला एक 'एम' या मेल्त्सेलचा. इतिहास शिकवताना अशी उदाहरणं फार भेटतात आणि दर वेळी तेवढाच संताप होतो. हाच मेल्त्सेल बीथोव्हनसाठी कानाला लावायचे कर्णे करून देत असे. बीथोव्हनने १८१७ साली आपल्या तोवरच्या आठही सिंफनींच्या लयीचे आकडे छापून प्रसिद्ध केले. त्यातले काही आकडे इतके जलद आहेत की वादक आणि अभ्यासक त्यावर अजून भांडतात.

आता लय यंत्राची झाली आणि माणसाने तिच्यामागे जायचं असं ठरलं.

आणि इथे दुसरा धक्का. १९५७ साली अमेरिकेत मिनिॲपोलिस शहरात डॉ. लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत. त्यानंतर काही मुलांच्या हृदयाचा ठोका मंदावत असे. त्यांना पेसमेकर लावत, पण तो भिंतीतल्या विजेवर चालणारा, टेबलाएवढा. ३१ ऑक्टोबरला शहराची वीज गेली आणि एक बाळ दगावलं. लिलेहायनी दवाखान्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुण इंजिनियरला विचारलं, बॅटरीवर चालेल असं काही करता येईल का? बॅकनची कंपनी तेव्हा एका गॅरेजमध्ये चालत होती. त्याला आठवलं की 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात एकदा ट्रान्झिस्टरच्या मेट्रोनोमची आकृती छापून आली होती. घरी बनवा आणि टकटक ऐकत सराव करा, अशा छापाची. त्याने तीच आकृती घेतली, स्पीकर काढून टाकला, आणि टकटकीच्या जागी जो विजेचा हलका झटका निघतो तो तारेने हृदयाकडे पाठवला. महिन्याभरात हातात मावेल एवढी पेटी तयार. कुत्र्यावर चाचणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी बॅकन दवाखान्यात गेला तर ती पेटी एका लहान मुलीला लावलेली! लिलेहाय म्हणाले, आता साधन हाताशी असताना मूल गमावायची माझी तयारी नाही.

नाडीवरून लंबक, लंबकावरून मेट्रोनोम, आणि मेट्रोनोमवरून परत नाडी. साडेतीनशे वर्षांत फेरा पुरा झाला. मी ह्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या छातीत तालाची पेटी आहे म्हण की."

ते अगदी तसंही नाही. बॅकनचा पहिला पेसमेकर मेट्रोनोमसारखा बहिरा होता, हृदय काय करतंय ते न पाहता ठोके देत राहणारा. १९६० च्या दशकात ऐकणारे पेसमेकर आले. ते हृदयाचा स्वतःचा ठोका पडतो का याची वाट पाहतात. पडला तर गप्प बसतात, ठरलेल्या वेळात पडला नाही तरच एक ठोका देतात. उत्तम तबलजी जसा, गायक लय सांभाळतोय तोवर मागे राहतो आणि तो डगमगला की ठेका जरा ठळक करतो. ह्यांचा पेसमेकर ६० वर लावला आहे. तपासणीला गेलो तेव्हा नातू बरोबर होता. तंत्रज्ञांच्या पडद्यावर १००० असा आकडा होता आणि पुढे मिलिसेकंद. नातू एकदम म्हणाला, "आज्जी, माझ्या पेडलमध्ये पण असंच असतं!" हिशोब दोन्हीकडे एकच. साठ हजाराला मिनिटाच्या ठोक्यांनी भागायचं. ६० ठोके असतील तर १०००, १०० असतील तर ६००.

आता नातवाच्या पेटीकडे येते. तो इंजिनियरिंगला आहे, कॉलेजात चार मित्रांचा बँड आहे. त्यांच्या एका गाण्यात गिटारचा प्रतिध्वनी पाऊण मात्रेने यावा लागतो. हा पाऊण मात्रेचा प्रकार आयर्लंडच्या यू-टू या बँडच्या गिटारवादकाने, ज्याला 'द एज' म्हणतात, फार गाजवला. १९८७ चं 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' त्याचा नमुना. त्याचं मर्म असं. गिटारवाला अर्ध्या-अर्ध्या मात्रेला सूर वाजवतो. प्रतिध्वनी पाऊण मात्रेने आला की तो बरोबर दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतो. वाजवणारा एक, पण ऐकणाऱ्याला पाव-पाव मात्रेची सलग झड ऐकू येते. इंग्रजीत याचं नाव 'डॉटेड एट्थ' असं अवघड आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ असत, त्यांना हे समजावायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. सहाशेचे पाऊणपट साडेचारशे, संपलं.

अडचण अशी की यांचा ड्रमर तापट आहे. गाणं १०० च्या लयीत सुरू करतो आणि अंतऱ्यापर्यंत १०४ वर नेतो. १०४ ला मात्रा ५७७ मिलिसेकंदांची होते. म्हणजे मात्रेला मात्रा जोडून चालणारा साधा प्रतिध्वनी असला तरी पहिल्या फेरीला २३ मिलिसेकंद उशीर, चौथ्या फेरीपर्यंत ९२. ऐकताना गाडी रुळावरून घसरल्यासारखी वाटते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे सगळ्यांनी कानात मेट्रोनोमची टकटक घालून वाजवायचं आणि तीच टकटक तारेने पेडललाही द्यायची. यंत्रांनी एकमेकांना लय कळवायची ही भाषा, 'मिडी', १९८३ पासूनची. तीत एका मात्रेला २४ खुणा जातात. काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ हे तिचे मुख्य प्रवर्तक, त्यासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. दुसरा उपाय म्हणजे टॅप. बॉसच्या डीडी-५ पेडलमध्ये (१९९५) वेगळं पायबटण जोडून ठेका देता येत असे. लाइन-सिक्स कंपनीच्या हिरव्या डीएल-४ वर (१९९९) तर टॅपचं बटण पेटीवरच होतं. ड्रमर पुढे पळाला की गिटारवाल्याने चार वेळा पाय टेकवायचा, पेडल नवीन लयीवर येतं.

नातवाने दुसरा उपाय धरला. त्याच्या जुन्या पेडलला बाहेरून बटण जोडावं लागतं. ते एका दुकानातून आणलं, जोडलं, आणि घोटाळा सुरू. तो लयीत पाय आपटायचा आणि प्रतिध्वनी दुप्पट वेळाने यायचा. केबल बदलली, बॅटरी बदलली. दोन दिवस असे गेले. ह्यांनी पूर्वी भजनी मंडळात तबला वाजवला आहे. ते आरामखुर्चीतून ऐकत होते. म्हणाले, "अरे, तू दोन टाळ्या देतोस आणि ते एकच मोजतंय. एक खातंय."

तिथेच उत्तर होतं. बटणं दोन जातींची असतात. एक दारावरच्या बेलसारखं, दाबलं की जोडलं, सोडलं की तुटलं. दुसरं दिव्याच्या बटणासारखं, एकदा दाबलं की जोडलेलंच राहतं, परत दाबलं की तुटतं. दुकानदाराने दिव्याचं दिलं होतं. पेडल फक्त 'जोडलं' हा क्षण मोजतं, त्यामुळे दर दुसरा पाय वाया जात होता. बॉसच्या बटणांमध्ये हा फरक नावातच आहे, एफएस-५यू म्हणजे बेलवालं आणि एफएस-५एल म्हणजे दिव्यावालं. बेलच्या जातीतही पोटभेद आहे, काही दाबल्यावर जोडतात तर काही दाबल्यावर तुटतात. त्यासाठी बटणाला एक छोटी खिट्टी असते. ती उलटी असली तर पाय टेकल्याचा क्षण न धरता पाय उचलल्याचा धरला जातो. बटण बदलून आणलं आणि पाचव्या मिनिटाला सगळं जागेवर. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. दोनच वेळा पाय आपटला तर एखाद्या वेळी चूक राहते, चार वेळा आपटला तर पेडल सरासरी काढतं आणि लय नेमकी बसते.

आपल्याकडे हे नवीन नाही म्हणा. गवई बंदिश सुरू करण्यापूर्वी मांडीवर हाताने दोन मात्रा देतो, तबलजी तेवढ्यावरून लय उचलतो. तिथे बटण नाही आणि सरासरीही नाही. ह्यांचं म्हणणं, दोन मात्रांत लय कळली नाही तर त्याने तबल्याला हात लावू नये.

एक काळजी मात्र खरी होती. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतात, स्पीकरमध्ये तर चांगले जबर. पेसमेकरवर जोरदार चुंबक आला की तो ऐकणं बंद करतो आणि ठराविक गतीने ठोके देत सुटतो, म्हणजे बॅकनचा जुना बहिरा मेट्रोनोम होतो. चुंबक दूर नेला की पूर्ववत. हे समजल्यावर पहिले चार दिवस मी नातवाला घरात वाजवूच दिलं नाही. गिटार पलंगाखाली, ॲम्प गच्चीच्या जिन्यात. ह्यांनी नातवाची बाजू घेतली, मी घेतली नाही, दोघेही माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. शेवटी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, छातीपासून निदान अर्धा फूट अंतर ठेवा, स्पीकरला टेकून बसू नका, गिटार छातीशी धरायची हौस करू नका. त्याच खोलीत बसून ऐकायला काही हरकत नाही. एवढं ऐकल्यावर माझाही विरोध संपला. आता ॲम्प दाराशी असतो आणि ह्यांची खुर्ची खिडकीशी. मधलं अंतर मी पट्टीने मोजलं आहे, साडेअकरा फूट.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात हे गाणं होणार आहे. नातवाच्या पेडलवर चिकटपट्टी लावून '१००' लिहिलं आहे. ह्यांच्या मते शब्द नीट ऐकू यायचे तर ९६ हवी, म्हणजे मात्रा ६२५ आणि पाऊण ४६९ च्या आसपास. खिडकीतून मांडीवर हाताने दाखवत असतात. ड्रमरला अजून कोणी विचारलेलं नाही.